एका गाडीवर दोन वयाचा पेंट

दसरा जवळ आला की कोल्हापुरात पेंटिंगवाल्यांकडं गाड्यांची लाईन लागते. खंडेनवमीला पूजा करायची म्हणजे वर्षभराचे ओरखडे, चेपलेला दरवाजा, पार्किंगमध्ये घासलेला बंपर सगळं निस्तरून घ्यायचं असतं, आणि गाडी घरी आली की दुसऱ्याच दिवशी तिला वॅक्स मारायला नाहीतर सिरॅमिक कोटिंग करायला नेतात, कारण एवढे पैसे घातलेत तर नव्या पेंटला प्रोटेक्शन पाहिजेच की. विचार बरोबर आहे, वेळ चुकीची आहे. आणि घोळ तिथंच संपत नाही, कारण त्या गाडीचं बॉनेट आणि टप आठ वर्षं जुनं असतं, एक दरवाजा आणि बंपर काल मारलेला असतो, आणि आपण सगळ्यावर एकच डबा एकाच फडक्यानं फिरवतो. जुन्या पेंटची गरज वेगळी, नव्याची वेगळी, काही बाबतीत तर एकदम उलटी.

आधी पत्र्यावर नेमकं काय असतं ते बघू. कंपनीत बॉडी फॉस्फेटच्या टाकीतून काढतात, मग विजेच्या जोरावर चिकटणारा प्रायमर बसवतात, तो गंजापासून वाचवतो. त्यावर सरफेसर म्हणजे पृष्ठभाग सारखा करणारा थर, त्यावर रंगाचा थर म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यात वर बिनरंगाचा क्लिअर कोट, ज्याला आपले पेंटर अजूनही लॅकर म्हणतात. एवढं सगळं मिळून जाडी भरते साधारण १०० ते १४० मायक्रॉन. १००० मायक्रॉनचा १ मिलिमीटर होतो, म्हणजे प्रायमरपासून चकाकीपर्यंत सगळा कारभार मिलिमीटरच्या दहाव्या-सातव्या हिश्शात चाललेला असतो. त्यातला क्लिअर फक्त ३५ ते ५० मायक्रॉन, आणि ऊन, पाऊस, धूळ, पक्ष्यांची घाण हे सगळं झेलतो तो हाच. चकाकी पण त्याचीच. त्यामुळं "गाडीचा रंग उडाला" असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याच वेळा रंग खाली ठणठणीत असतो, वरच्या क्लिअरवर बारीक बारीक ओरखड्यांचं जाळं झालेलं असतं आणि त्यावर उजेड विस्कटून गाडी धुरकट दिसते.

जुन्या काळच्या गाड्यांचं वेगळं. ॲम्बॅसडर, पद्मिनी किंवा जुनी पांढरी नाहीतर लाल मारुती ८०० कुणी जपून ठेवली असेल तर तिच्यावर क्लिअर नसण्याची शक्यता जास्त, रंग आणि चकाकी एकाच थरात. ओळखायचं कसं, तर पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन डिकीच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी घासायचं. फडक्यावर गाडीचा रंग आला तर एकच थर आहे, नाही आला तर वर क्लिअर आहे. एकच थरवाली लाल गाडी उन्हात गुलाबट पडते ती यामुळंच, रंगद्रव्याच्या डोक्यावर छप्परच नसतं. तिला पॉलिश केलं की वरचा मेलेला थर निघून खालचा ताजा रंग दिसतो आणि गाडी जादू केल्यासारखी उजळते, पण दर वेळी पेंट थोडा कमी होतोच.

आणि हीच गोष्ट क्लिअरवाल्या गाडीलाही लागू आहे, फक्त फडक्यावर दिसत नाही म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. रबिंग म्हणजे बारीक पावडरीनं वरचा थर खरवडणं, दुसरं काही नाही. ओरखडा भरून येत नाही, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. ३५-४० मायक्रॉनच्या भांडवलातून मशीनवर जोरात एकदा कंपाउंड मारला की एक-दोन, कधी जास्त मायक्रॉन जातात. दर दिवाळीला "जरा रबिंग मारून द्या" म्हणणारी मंडळी आहेत ना, त्यांच्या गाडीचा टप आणि बॉनेटच्या कडा आधी का जातात ते आता कळलं असेल. कडेवर पेंट मुळातच पातळ बसतो आणि मशीनचा पॅड तिथंच जास्त दाबला जातो. शिवाय ऊन अडवणारी रसायनं क्लिअरमध्येच मिसळलेली असतात, थर पातळ झाला की ती पण कमी झाली, मग खालच्या रंगाला ऊन लागतं आणि एक दिवस क्लिअरची पापडी सुटायला लागते.

तेव्हा जुन्या पेंटचं पहिलं काम चकाकी आणणं नाही, नवीन ओरखडे थांबवणं आहे. आणि आपल्या भागात ओरखडे कशानं पडतात ते बाहेरच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही.

गळीत हंगाम घ्या. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, गावोगावच्या गुऱ्हाळांची चुलवाणं पेटली की बावड्याकडं, कागलकडं, करवीरच्या गावांत सकाळी गाडीवर काळी काळी राख बसलेली असते. ही बगॅसची, चिपाडाची राख दिसायला मऊ, बोटानं चुरडली तरी विरघळल्यासारखी वाटते, पण तिच्यात सिलिका भरपूर असते, म्हणजे वाळूत असते तीच वस्तू. आणि आपण काय करतो, सकाळी ऑफिसला जायच्या गडबडीत कोरडं फडकं घेऊन फटाफट पुसतो. एका झटक्यात शेकडो रेघा. ही राख कधीच कोरडी पुसायची नाही, आधी भरपूर पाणी सोडून वाहून जाऊ द्यायची, वेळ नसेल तर तशीच राहू दे, काळी दिसली तरी चालेल. वर दव पडून ओली झालेली राख दिवसेंदिवस तशीच ठेवणं पण बरं नाही, कारण राख अल्कलीकडं झुकणारी असते आणि डाग धरते. म्हणजे आठवड्यातून एकदा नीट पाणी मारणं आलंच.

दुसरं, फौंड्री. शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत किंवा उद्यमनगरात ज्यांची गाडी दिवसभर उभी असते त्यांच्या पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी ठिपके दिसतात आणि लोकांना वाटतं पत्रा आतून गंजतोय. बहुतेक वेळा तसं नसतं. कास्टिंगच्या ग्राइंडिंगमधून उडालेले लोखंडाचे कण क्लिअरवर रुतून बसतात आणि तेच गंजतात. हात फिरवला की पृष्ठभाग खरखरीत लागतो. हे घासून काढायच्या भानगडीत पडू नका. आयर्न रिमूव्हर म्हणून स्प्रे मिळतो, तो मारला की लोखंडाशी त्याची क्रिया होऊन जांभळे ओघळ यायला लागतात, बघायला मजा येते, मग वाळायच्या आत पाण्यानं धुऊन काढायचं. त्यातूनही उरलं तर क्ले बार म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, भरपूर ओलं करून, हलक्या हातानं. क्ले पडला खाली तर परत वापरायचा नाही, मातीचे कण घेऊन तोच ओरखडे पाडतो.

जोतिबाचा गुलाल हा आपला खास विषय. चैत्र यात्रेहून आलेली गाडी गुलाबी झालेली असते आणि ती तशीच दोन दिवस मिरवायची हौस पण असते, असू दे, पण त्यावर रात्रीचं दव नाहीतर वळवाचा पाऊस पडला की गुलालातला रंग सुटतो आणि रबराच्या पट्ट्या, काळं प्लास्टिक, ओरखड्यांच्या खाचा यात जाऊन बसतो. घरी आलात की पाण्याचा जोरदार फवारा, वरून खाली, हात न लावता, पाणी गुलाबी यायचं थांबेपर्यंत. मगच शॅम्पू.

धुण्याची पद्धत साधी आहे. दोन बादल्या घ्या, एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवून एक भाग धुतला की आधी साध्या पाण्यात पिळून काढायचा, मग परत शॅम्पूत. वरून सुरुवात, खालचा चिखलाचा भाग सगळ्यात शेवटी. भांड्याचा साबण नको, तो पेंट खात नाही पण वॅक्स धुऊन नेतो. उन्हात तापलेल्या बॉनेटवर पाणी मारायचं नाही, आणि बोअरचं पाणी असेल तर लगेच टिपून घ्यायचं, कारण पाणी उडून गेलं की क्षार मागं राहतात आणि ते गोल पांढरे डाग नंतर साध्या धुण्यानं हलत नाहीत. काही जुने ड्रायव्हर डिझेल नाहीतर रॉकेलचं फडकं मारून गाडी चकाचक करायचे. ती चमक तेलाची, अर्ध्या तासात सगळी धूळ त्याला चिकटते.

पक्ष्यांच्या घाणीबद्दल एवढंच की तिच्यात आम्ल असतं आणि उन्हात पेंट गरम होऊन किंचित मऊ पडलेला असताना ती बसली तर काही तासांत खड्डा पाडू शकते. रंकाळ्यावर झाडाखाली सावली बघून गाडी लावणाऱ्यांनी गाडीत पाण्याची बाटली आणि एक मऊ फडकं ठेवावं. ओलं करायचं, मिनिटभर थांबायचं, उचलून घ्यायचं. नखानं खरवडायचं नाही.

आता नवीन पेंट. कंपनीत क्लिअर साधारण १४० अंश सेल्सियसला भट्टीत भाजतात, त्या वेळी गाडीत वायरिंग, सीट, प्लास्टिक काहीच नसतं म्हणून ते जमतं. तुमची तयार गाडी एवढ्या उष्णतेत ठेवली तर डॅशबोर्ड वितळून हातात येईल. म्हणून गॅरेजमध्ये टू-के म्हणजे दोन भागांचा पेंट वापरतात, एक भाग क्लिअर आणि दुसरा हार्डनर, दोन्ही मिसळले की आपोआप घट्ट व्हायची क्रिया सुरू होते, आणि चांगल्या बूथमध्ये सुमारे ६० अंशाला अर्धा तास भाजून तिला वेग देतात. बूथ नसेल तर नुसत्या हवेवर. दोन्हीत गाडी दुसऱ्या दिवशी हाताला कोरडी लागते, पेंटर पण म्हणतो "झाली, न्या". पण कोरडा होणं आणि पक्का होणं यात फरक आहे. घराचा स्लॅब दुसऱ्या दिवशी त्यावरून चालता येईल एवढा कडक होतो, तरी त्याची खरी ताकद धरायची ती २८ दिवसांची, तसंच हे आहे. आतला थिनर हळूहळू वर येऊन उडत असतो आणि हार्डनरची साखळी अजून जोडली जात असते.

या काळात वर वॅक्स, सीलंट (कृत्रिम वॅक्ससारखा थर) किंवा सिरॅमिकचा थर दिला तर त्या उडणाऱ्या थिनरची वाट अडते. पेंट जास्त दिवस मऊ राहतो, चकाकी उतरते, वाईट झालं तर बारीक फोड पण येतात. वरचं कोटिंग पण धड चिकटत नाही, म्हणजे दोन्हीकडून पैसे पाण्यात. बूथमध्ये नीट भाजलेला पेंट लवकर तयार होतो, हवेवर वाळलेला उशिरा, पेंट बनवणारी कंपनी आपल्या डाटाशीटमध्ये मुदत देते आणि ती मिळाली तर तीच धरायची. नाही मिळाली तर निदान ३० दिवस कशाला हात लावू नका, पीपीएफ म्हणजे चिकटणारी फिल्म लावायची असेल तर अजून थांबा, फिल्म काढून परत लावताना खालचा कच्चा पेंट तिच्याबरोबर उचलून येऊ शकतो.

त्या महिन्यात काय करायचं? खरं तर फार काही नाही, आणि तेच लोकांना जमत नाही. पहिला आठवडा शॅम्पू नको, धूळ बसली तर बसू दे. त्यानंतर सावलीत, थंड साध्या पाण्यानं, मऊ हातमोज्यानं. ब्रशवालं मशीन वॉशिंग नको, प्रेशर गन पॅनेलच्या कडेवर जवळून नको. गाडीवर कव्हर तर अजिबात टाकायचं नाही, खास करून प्लास्टिकचं, आत वाफ आणि थिनर दोन्ही कोंडतात आणि कव्हरची वीण पेंटवर उमटते. सौम्य उन्हात उभी राहिली तर उलट फायदाच. पेट्रोल भरताना टाकीच्या झाकणाशी सांडलं तर लगेच पाणी मारायचं, मुरलेल्या पेंटवर जे पुसून जातं ते कच्च्यावर डाग होऊन राहतं. आणि पेंटर नंतर फिनिशिंगसाठी पॉलिश मारतो ते चालतं, फक्त त्यात वॅक्स आणि सिलिकॉन नसावं.

आणि आता परत खंडेनवमी, कारण मारलेला पेंट आठवड्याचा असतो आणि पूजा टाळायची नसते, टाळायचं कारण पण नाही. ओलं हळद-कुंकू कालवून बॉनेटवर स्वस्तिक काढण्यापेक्षा ते काचेवर काढा, नंबरप्लेटवर लावा, नाहीतर जुन्या पॅनेलवर. हळदीचा पिवळा डाग उन्हानं फिका पडत जातो, कुंकवाचा रंग मात्र कच्च्या क्लिअरमध्ये मुरला तर तिथंच मुक्काम. झेंडूचा हार तारेत ओवलेला असतो आणि गाडी चालली की ती तार ग्रिलवर घासत राहते, तेव्हा दोऱ्यातला हार घ्या आणि संध्याकाळी काढून ठेवा, चार दिवस सुकून चिकटून बसलेली फुलं देवाला पण आवडत नसतील.

पेंट कधी मारून घ्यायचा यावर माझं ठाम मत आहे, बंद बूथ नसलेल्या गॅरेजमध्ये जुलै-ऑगस्टला अजिबात नाही. आपला पाऊस माहीत आहे, आठ-आठ दिवस भिंती ओल्या. टू-केचा हार्डनर पाण्याशी पण क्रिया करतो आणि त्यातून गॅस सुटून क्लिअरमध्ये बुडबुडे, सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. एनसी म्हणजे जुन्या पद्धतीचा स्वस्त पेंट असेल तर त्यावर पांढरट धुकं धरतं. कॉम्प्रेसरच्या नळीत साठलेलं पाणी हे अजून एक, चांगला पेंटर रोज ते काढून टाकतो. विचारून घ्या, राग आला तर येऊ दे. टू-के मारणार का एनसी, भाजणार का हवेवर, तारीख काय, शेडचा कोड काय, हे बिलावर लिहून घ्यायचं. टू-केच्या नावाखाली एनसी मारला असेल अशी शंका असेल तर पेंट पुरता मुरल्यावर आतल्या कोपऱ्यात थिनरचा बोळा हलका फिरवा, एनसी विरघळून बोळ्यावर येतो, पक्का झालेला टू-के येत नाही.

बिलाचा विषय निघालाच आहे तर, झिरो डेप (घसारा न कापणारी जादा सोय) नसलेल्या इन्शुरन्समध्ये पेंटिंगच्या मटेरियलवर ५० टक्के डेप्रिसिएशन म्हणजे घसारा कापतात. मजुरी आणि मटेरियल बिलात वेगळं दाखवलं नसेल तर पेंटिंगच्या एकूण रकमेतला २५ टक्के भाग मटेरियल धरून त्याच्या निम्मे कापले जातात. क्लेम करायच्या आधी हे माहीत असलेलं बरं.

शेड जुळत नाही ही तक्रार तर प्रत्येकाची. कोड तोच, कंपनी तीच, तरी दरवाजा वेगळा दिसतो, कारण तुमचा जुना पेंट आता त्या कोडचा राहिलेलाच नाही, ऊन खाऊन बदललाय. म्हणून शेड मॅच करायच्या आधी शेजारचं जुनं पॅनेल हलकं पॉलिश करून घ्यायला सांगा, म्हणजे पेंटर खऱ्या रंगाशी जुळवेल, वरच्या धुरकटपणाशी नाही. मेटॅलिक असेल तर रंग शेजारच्या पॅनेलवर थोडा उतरवत नेऊन क्लिअर पूर्ण पॅनेलवर मारावा लागतो. थोडे जास्त पैसे मागेल, द्या. प्लास्टिकचा बंपर मात्र पत्र्याच्या शेजारी थोडा वेगळा दिसू शकतो, नवीन गाड्यांचा पण कधी कधी दिसतो.

महिना झाला की जुनं आणि नवीन एका रांगेत आलं, आता काय लावायचं? कार्नोबा वॅक्स काही आठवडे, फार तर दोनेक महिने टिकतं, सीलंट त्याहून जास्त. टेफ्लॉन कोटिंग म्हणून जे दुकानात मारतात त्याला नावाप्रमाणं समजू नका, खरं टेफ्लॉन वितळतं ते ३२७ अंशाला, तव्यावर बसवतात तसं ते गाडीवर बसवता येत नाही, मिळतं ते साधारण सीलंटच. वाईट नाही, फक्त त्याला सीलंटचा भाव द्या. सिरॅमिकवर "नाइन-एच" लिहिलेलं बघून लोकांना वाटतं दगड आपटला तरी काही होणार नाही, पण ते नाइन-एच पेन्सिलीच्या कडकपणाच्या मापातलं आहे आणि थर असतो एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा. पाणी घसरतं, धुणं सोपं होतं, केमिकल आणि घाणीला टक्कर देतं, एवढं खरं. हायवेला ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी अडवायची असेल तर तिथं १५० ते २०० मायक्रॉनची पीपीएफच लागते, आणि पूर्ण गाडीला परवडत नसेल तर बॉनेटचा पुढचा भाग, बंपर आणि आरसे एवढ्यालाच करा, पुणे-बेंगळुरू रोडवर रोज जाणाऱ्याला तेवढं पुरतं. यातलं काहीही लावायच्या आधी खालचा पेंट स्वच्छ पाहिजे, नाहीतर ओरखडे काचेखाली फ्रेम करून ठेवल्यासारखे दिसत राहतात.

दोन वर्षांत एकदा पेंटची जाडी मोजणारं मीटर असलेल्या डिटेलिंगवाल्याकडं चक्कर मारावी. १०० ते १४० च्या आसपास आकडा आला तर कंपनीचा पेंट, २००-३०० आला तर परत मारलेला, आणि ५०० च्या पुढं गेला तर खाली लांबी म्हणजे खड्डे भरायची पुट्टी आहे असं समजायचं. जुनी गाडी विकत घेताना तर हे मीटर लई भारी काम करतं, मालक शपथेवर सांगत असतो "एक ओरखडा नाही भावा" आणि मीटर दरवाजावर ८०० दाखवत असतं. मीटर नसेल तर फ्रीजवरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा, लांबी जाड असेल तिथं ते नीट धरत नाही. पत्र्यावरच हां, प्लास्टिकच्या बंपरवर चुंबक लावून मालकाशी भांडू नका.

आणि ज्यांच्या टपावर क्लिअरची पापडी सुटायलाच लागली आहे त्यांनी पॉलिशवर पैसे घालू नयेत. तिथं क्लिअर राहिलेलाच नाही, मशीन फिरवलं की कडा अजून उचकटतात. काही जण त्याच्यावर नुसता नवीन लॅकर मारून देतात, स्वस्तात होतं, पण खालचा जुना सुटलेला थर परत उठतो आणि नव्याला पण घेऊन येतो. सगळं पॅनेल घासून, बेस आणि क्लिअर दोन्ही परत, पाऊस संपल्यावर, हाच मार्ग. तोवर गाडी सावलीत लावा आणि दोन-तीन ठिकाणी पॅनेलप्रमाणं कोटेशन लेखी घेऊन ठेवा.